मुंबईत दगडी प्रवाळ: टॉर्च फुलतोय, मग ॲक्रोपोरा का सोलला?

खारंपाणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गोड्या पाण्यातले मासे शाळेत असल्यापासून पाळतोय. खाऱ्या पाण्याची टाकी मात्र दीड वर्षाचीच. मुलुंडला पाचव्या मजल्यावर, हॉलमध्ये. ३ बाय दीड बाय दीड फूट, दगड-वाळूची जागा सोडली तर साधारण १७० लिटर पाणी. दोन क्लाउनफिश, एक गोबी, थोड्या गोगलगायी.

मऊ प्रवाळांनी कधीच त्रास दिला नाही. दगडी प्रवाळांपैकी एक टॉर्च आणि एक माँटिपोरा आहे. मित्र परदेशी गेला तेव्हा आयातीच्या बिलाच्या प्रतीसकट देऊन गेला. टॉर्चला एक डोकं होतं, आता तीन झालीत. माँटिपोरा आहे तेवढाच आहे, वाढतही नाही आणि मरतही नाही.

त्या भरवशावर ॲक्रोपोरा या दगडी प्रवाळाचा बोटभर तुकडा आणला. हिरवा, टोकं जांभळी. पाच आठवडे बरा होता. मग एका शुक्रवारी रात्री बुडाशी नखाएवढा पांढरा पट्टा दिसला. शनिवारी सकाळी पाहिलं तर कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून पाण्याबरोबर हलत होती. रविवारी दुपारी हातात नुसता पांढरा सांगाडा. दोन रात्री झोप लागली नाही, खरंच सांगतो. जिवंत वस्तू आपल्या हातून गेली की मनातून जात नाही.

आकडे देतो: क्षारता १.०२५, तापमान २६, पीएच ८.१, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५, कॅल्शियम ४१५, मॅग्नेशियम १३२०, केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ९.४. केएच तर दोन महिने दर रविवारी ९.४ आहे. पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून सगळे क्षार काढलेलं, टीडीएस शून्य.

आकडे पुस्तकातले, मग प्रवाळ का गेला? की आपल्या मुंबईच्या हवेत ॲक्रोपोराचा नादच सोडावा?

---

अनघा_शिवडी

वाईट वाटलं. वाचतेय, मलाही लागणार आहे ही माहिती.

---

दर्यासारंग

नाद सोडू नका. मुंबईत ॲक्रोपोरा वाढतो, माझ्याकडे सहा वर्षं आहे. पण आधी एक समजून घ्या. तुमचा तुकडा 'ब्लीच' झालेला नाही. ब्लीचिंगमध्ये कातडी जागेवर असते, फक्त तिच्यातलं झूझँथेली नावाचं शेवाळ बाहेर पडतं, म्हणून आरपार सांगाडा दिसतो. असा प्रवाळ जिवंत असतो, वेळेत सावरला तर वाचतोही. तुमच्याकडे कातडीच सुटली. त्यामागे बहुतेक वेळा पाण्यात काहीतरी झपाट्यानं बदलल्याचा धक्का असतो. कधी जंतू, कधी कीड.

टॉर्च आणि ॲक्रोपोरा दोघेही दगडी, पण स्वभाव वेगळे. टॉर्चचं मांस जाड, तो चार धक्के पचवतो. ॲक्रोपोराची कातडी सांगाड्यावर जेमतेम एक थर.

तापमान २६ म्हणताय ते कधीचं? सकाळचं, दुपारचं, रात्रीचं?

---

खारंपाणी

रात्री दहाचं. तेव्हा हॉलमध्ये एसी असतो.

---

दर्यासारंग

म्हणजे दिवसभर घर बंद, एसी बंद, खिडक्या बंद. किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर घ्या, दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. ऑक्टोबरच्या दुपारी बंद हॉलमधली टाकी कुठे जाते ते एकदा बघाच.

---

चिंबोरी

मी कोळीवाड्यात वाढलेय, म्हणून एक प्रश्न मनापासून. हाजीअलीच्या, वरळीच्या खडपांवर भरती ओसरली की प्रवाळ दिसतात. गढूळ पाणी, वरून ऊन, पावसाळ्यात गोडं पाणी, शहराची घाण, सगळं सोसून जगतात. मग काचेच्या टाकीत, एवढ्या कौतुकात वाढलेला का मरतो?

---

विज्ञानवाटा

चिंबोरीताई, फार चांगला प्रश्न. खडपांवरचे प्रवाळ त्याच पाण्यात पिढ्यानपिढ्या घडलेले आहेत. त्यांच्या जातीच वेगळ्या, खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या, गाळ झटकून टाकणाऱ्या. दुकानातला ॲक्रोपोरा आलेला असतो इंडोनेशियासारख्या ठिकाणच्या स्वच्छ, उथळ, लाटांनी सतत घुसळलेल्या पाण्यातून. त्याला आपल्या खडपावर ठेवला तर तिथेही टिकणार नाही.

दुसरं, समुद्र अफाट आहे. दगडी प्रवाळ सांगाडा बांधतो तो ॲरॅगोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतो. समुद्रात कितीही ओढलं तरी साठा हलत नाही. १७० लिटरमध्ये रोज हलतो.

कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी, २०२० मध्ये, वरळी-हाजीअलीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती दुसरीकडे नेऊन बसवल्या होत्या. तेव्हा बऱ्याच मुंबईकरांना कळलं की आपल्या दारात प्रवाळ आहेत. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फेऱ्या काढतात. टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकानं एकदा जावंच.

---

गोरेगावकर_काकू

विषयाला सोडून विचारते, राग मानू नका. आमच्या ह्यांच्या अंगठीत मंगळासाठी पोवळं आहे. ते हेच का?

---

विज्ञानवाटा

नाही काकू. दागिन्यातलं लाल पोवळं प्रामुख्यानं भूमध्य समुद्रातल्या कोरॅलियम रुब्रमचं. त्याच्या प्रत्येक जीवाला आठ भुजा असतात. दगडी प्रवाळांत भुजा सहाच्या पटीत. लांबचे नातेवाईक म्हणा हवं तर. पोवळ्यात झूझँथेलीही नसतं, ते अंधाऱ्या, खोल जागी वाढतं. प्रकाशाची गरज आपल्या ह्या प्रवाळांना.

---

माहीमचा_बंड्या

एक गोष्ट आधी बोलायला हवी होती. ॲक्रोपोरा आणला कुठून? कागद मिळाला का?

रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. आपल्या समुद्रातून तोडलेला तुकडा विकणं, विकत घेणं, बाळगणं गुन्हा आहे, मेलेला सांगाडासुद्धा. परदेशातले सगळे दगडी प्रवाळ साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, त्यामुळे ते परवान्याशिवाय देशाबाहेर निघू शकत नाहीत. 'कागद कशाला, सगळेच घेतात' असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. मी २००९ पासून तिथे पाण्यात उतरतोय. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास नवशिके पर्यटक प्रवाळांवर उभे राहतात ते पाहून पोटात तुटतं. त्यात आपल्या हौसेची भर नको.

---

खारंपाणी

बंड्या, तुझं बरोबर आहे. टॉर्च आणि माँटिपोराचे कागद आहेत. ॲक्रोपोराचे मी मागितलेच नव्हते. काल फोन करून मागितले, तर 'बघतो' म्हणून फोन ठेवला. तिथून पुन्हा घेणार नाही. हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं, सल राहील.

---

अनघा_शिवडी

माझंही एक दुःख सांगते, कुणाला उपयोग होईल. ऑगस्टमध्ये गल्लीत डासांच्या धुराचं मशीन आलं. आमच्या स्किमरची (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून घाण काढणारं यंत्र) हवेची नळी खिडकीबाहेर काढलेली होती, कारण बंद खोलीत पीएच ७.८ च्या वर जात नव्हता. स्किमरनं तो धूर पद्धतशीर टाकीत ओढला. सकाळी दोन्ही क्लीनर कोळंबी उलट्या पडलेल्या. डासांच्या फवारणीत वापरतात त्या पायरेथ्रॉइड वर्गातल्या औषधांना कोळंबी-खेकडे फार लवकर बळी पडतात.

आता नळीच्या तोंडाशी कार्बनचा डबा आहे आणि मशीनचा आवाज आला की घरातलं जो जवळ असेल तो धावत जाऊन नळी आत घेतो. माझ्या सासूबाई सगळ्यात चपळ.

---

कुर्ला_कट्टा

सासूबाईंना नमस्कार सांगा! +१ घरातल्या पेस्ट कंट्रोललाही. लादी पुसायचं फिनेलही टाकीजवळ नको. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी एकदा समजावून सांगितलं, तेव्हापासून त्या हॉल साध्या पाण्यानं पुसतात आणि 'आज ते गुलाबी झाड उघडलं नाही' असं मला फोन करून कळवतात.

---

बांधकामवाला

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. धागाकर्त्यांच्या टाकीची काळजी नाही, पण वाचून कुणी ४ बाय २ बाय २ आणणार असेल तर थांबा. तेवढ्या टाकीत काठोकाठ ४५० लिटर पाणी. काच, दगड, स्टँड, खालची संप टाकी धरून सहाशे-सातशे किलो सहज, तेही पाऊण चौरस मीटरवर. घरांसाठी भारतीय मानकात चालता भार धरलेला असतो चौरस मीटरला साधारण २०० किलो. स्लॅब लगेच कोसळेल असं नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. पण टाकी बीमच्या वर, भिंतीला लागून हवी, खोलीच्या मध्यभागी नको. जुन्या चाळीत आणि गळक्या इमारतीत तर विचारल्याशिवाय नकोच.

---

दर्यासारंग

उपयोगी माहिती. सेक्रेटरीला पटवायलाही कामी येईल.

खारंपाणी, चिलरबद्दल, म्हणजे टाकीचं पाणी थंड करणाऱ्या यंत्राबद्दल, राहिलं होतं. पंखा लावून पाणी थंड करता येतं. एक लिटर पाणी उडालं की जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. पण पाणी उडायला हवा कोरडी हवी. आपल्याकडे जुलैत पंखा नुसता फिरतो. शिवाय पाणी उडतं तेव्हा मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्याची, तीही आपोआप थेंबाथेंबानं. संध्याकाळी घरी येऊन दोन लिटर एकदम ओतलेत तर क्षारतेला रोज हिसका.

चिलर घेतलात तर हॉलमधल्या कपाटात कोंडू नका. तो टाकीतली उष्णता काढून त्याच हॉलमध्ये सोडतो, मग एसी आणि चिलर एकमेकांशी झुंजत बसतात. सुक्या बाल्कनीत ठेवा. आणि २५ चा हट्ट नको. २६.५ ते २७ वर लावा, बिल कमी येतं आणि प्रवाळाला चालतं. त्याला २७ चालतात, रोज ४ अंशांचा झोका चालत नाही.

---

खारंपाणी

थर्मामीटर आणला. तीन दिवसांचे आकडे: किमान २५.९, कमाल ३०.४.

हे वाचून धस्स झालं. मी दीड वर्ष रात्री दहाचाच आकडा बघत होतो.

---

चुनावाला_दादर

आत्ता धागा सलग वाचला. तापमान हे एक कारण झालंच. पण मला त्या 'दर रविवारी ९.४' मध्ये काहीतरी खटकतंय.

खारंपाणी, केएच मोजता कधी? पावडर घालायच्या आधी की नंतर?

---

खारंपाणी

नंतर. रविवारी सकाळी पाणी बदलतो, खायचा सोडा विरघळवून घालतो, संध्याकाळी मोजतो. सोडा ११ ग्रॅम.

---

चुनावाला_दादर

मग सापडलं बहुधा. हिशेब करू.

केएच १ डीकेएचनं (केएचचं एकक) वाढवायला लिटरमागे साधारण ३० मिलिग्रॅम सोडा लागतो. १७० लिटरला ५ ग्रॅम. तुम्ही ११ घालता, म्हणजे केएच एका फटक्यात जवळजवळ २.१ नं वर जातो. आणि तरी प्रत्येक रविवारी ९.४ च येतो, याचा अर्थ आठवडाभरात तो २.१ नं खाली येतो. म्हणजे शनिवारी रात्री तुमचा केएच ७.३ असतो. तुम्ही दर आठवड्याला डोंगराच्या शेंड्यावर उभं राहून उंची मोजताय, त्यामुळे दरी दिसलीच नाही.

कॅल्शियममध्ये हे का कळलं नाही तेही सांगतो. केएच २.८ नं उतरतो तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएम उतरतं. तुमचं उतरत असेल १५. चारशेतले १५ घरगुती टेस्ट किटमध्ये हरवून जातात. म्हणून दगडी प्रवाळ ठेवणाऱ्यानं केएचवर नजर ठेवायची, तो सगळ्यात आधी बोलतो.

७.३ वाईट नाही, ९.४ पण वाईट नाही. एका सकाळीत ७.३ वरून ९.४ हे वाईट. दिवसाला ०.५ च्या पुढे मी कधीच नेत नाही.

उपाय सोपा आहे: तेच ११ ग्रॅम सात दिवसांत वाटा, रोज दीड ग्रॅम. पाण्यात विरघळवून, जोराच्या प्रवाहात, हळूहळू. कॅल्शियम क्लोराइड देणार असाल तर त्याच जागी, त्याच वेळी देऊ नका. दोन्ही भेटले की पाण्यातच खडू तयार होतो, पांढरा बर्फ पडल्यासारखा, आणि ना केएच हाती लागत ना कॅल्शियम.

---

चिंबोरी

डोंगराच्या शेंड्याचं उदाहरण मस्त. पण तुमचं नाव चुनावाला का?

---

चुनावाला_दादर

कारण मी चुन्याची निवळी वापरतो. शाळेत फुंकर मारून दुधाळ करायचो तीच. जगभरचे लोक हिला 'काल्कवासर' म्हणतात, ते जर्मन भाषेत चुन्याचं पाणीच. एकाच द्रावणात कॅल्शियम आणि केएच दोन्ही मिळतात, तेही प्रवाळ ज्या प्रमाणात घेतो त्याच प्रमाणात. उडालेल्या पाण्याच्या जागी रात्रभर निवळीचे थेंब पडू द्यायचे. रात्री पीएच उतरतो, त्यालाही टेकू मिळतो.

दोन सूचना जीव तोडून सांगतो. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, डोळ्यांत जाऊ देऊ नका, मुलांपासून लांब ठेवा. नळी अडकून भसकन ओतली गेली तर टाकी एका रात्रीत संपते. आणि पानाच्या टपरीवरचा चुना नाही, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. टपरीच्या चुन्यात आणखी काय आहे ते सांगता येत नाही.

---

कुर्ला_कट्टा

टाकीला चुना लावणं पहिल्यांदाच चांगल्या अर्थानं वाचलं.

---

प्रकाशवाट

प्रकाश आणि प्रवाहावर कुणीच बोललं नाही. टॉर्चला ८० ते १५० पार पुरतो, ॲक्रोपोराला २०० ते ३५०. पार म्हणजे प्रवाळातल्या शेवाळाला उपयोगी पडणारा प्रकाश. नुसत्या डोळ्यांना निळा दिवा फसवतो. पार मीटर महाग आहे, आम्ही चौघांनी मिळून एक घेतला आणि तो लोकलनं बोरिवली ते ठाणे फिरत असतो. नवा तुकडा आधी खाली, मंद उजेडात, मग तीन-चार आठवड्यांत वर.

प्रवाहाला १७० लिटरच्या टाकीत तासाला ५००० लिटर तरी हवा, आणि एकाच दिशेनं झोत नको. लाटेसारखा उलटसुलट. टॉर्चच्या भुजा रात्री लांबतात आणि डंख करतात, म्हणून ॲक्रोपोरा त्याच्यापासून वीतभर लांब.

---

दर्यासारंग

आणि वीज. १२ ऑक्टोबर २०२० विसरलेलो नाही. सकाळी दहाच्या सुमारास अख्खी मुंबई बंद पडली होती. मी घरी होतो म्हणून तांब्यानं पाणी वरून ओतत बसलो, हाताला गोळे आले. माशांना आणि प्रवाळांना आधी प्राणवायू कमी पडतो, तापमान नंतर. तेव्हापासून वेव्हमेकर (टाकीत लाटा करणारा पंप) इन्व्हर्टरवर आहे आणि बॅटरीवरचा हवेचा पंप कपाटात तयार.

---

खारंपाणी

सहा आठवड्यांनी परत येतोय, मधे लिहायचं जाणूनबुजून टाळलं, आधी आकडे जमवायचे होते.

चिलर सुक्या बाल्कनीत बसवला, २६.८ वर. दिवसभरात २६.५ ते २७.१. सोडा रोज दीड ग्रॅम, आता छोट्या डोसिंग पंपानं सहा हप्त्यांत. केएच पहिले दोन आठवडे रोज, सकाळी आणि रात्री मोजला: ८.१, ८.२, ८.१, ८.०, ८.१. भर घालायला फ्लोट लावला. चुन्याच्या निवळीपर्यंत अजून पोचलो नाही, ते पावसाळ्याआधी.

चुनावाला, तुमचा अंदाज तपासायला मी सुरुवातीला एक आठवडा जुन्याच पद्धतीनं घालून शनिवारी रात्री मोजलं होतं. ७.४ आला.

नवा ॲक्रोपोरा आणलेला नाही. कागद असलेला मिळेपर्यंत आणणारही नाही. पण माँटिपोराचं एक विचारायचं आहे. दीड वर्ष हा गडी हलला नव्हता. काल रात्री दिवे गेल्यावर विजेरी आणि भिंग घेऊन बसलो. त्याच्या कडेला सगळीकडून जेमतेम मिलिमीटरभर पांढरी किनार आलीय. आधीचा प्रसंग आठवून हातपाय गार पडले. पण इथे कातडी सुटलेली दिसत नाही, किनार गुळगुळीत आहे आणि खालच्या दगडावर थोडी उतरल्यासारखी वाटतेय. आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे पॉलिप (प्रवाळाचे बारके जीव) सगळे उघडे. हे काय आहे?

---

चुनावाला_दादर

दगडावर उतरलीय ना? मग तो नवा सांगाडा, रंग मागून भरतो. वाढतोय तो. जागा बदलू नका, दिवा वाढवू नका, आणि कडेचा फोटो टाका.

---

चिंबोरी

फोटो लवकर टाका, मी रोज येऊन बघतेय.